पाच गाड्यांचा एकच नारळ

तो तपास आठवला की आजही मला हसू फुटतं, आणि ते स्वतःवरच असतं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि मी आळेफाट्याला पोलीस ठाण्यात नेमणुकीला होतो. बोरी बुद्रुकची द्राक्षं दर आठवड्याला शीतगृहातून पाच कंटेनरमध्ये भरून, माळशेज घाट उतरून बंदरात जात आणि तिथून बोटीने परदेशी.

एका सकाळी निनावी फोन आला. "साहेब, पाचातला एक कंटेनर दोन हप्ते झाले बोट चुकतोय. गाडी तीच, डायवर तोच. कुनीतरी फितवलाय त्याला." पाठोपाठ बागायतदारांचा अर्ज आला. ठाणे डायरीत नोंद करून मी ड्रायव्हरला बोलावलं. मालकाने त्याला बजावलं होतं, पुन्हा बोट चुकली तर चावी काढून घेईन. बारा वर्षं चालवलेली गाडी हातची जाणार म्हणून माणूस घामाने निथळत होता.

"कुठे थांबलास?" मी टेबलावर हात आपटला.

"चहाला बी न्हाई, साहेब. गेटावर रांगेत व्हतो. माझा नंबर येस्तवर त्या बोटीचा माल घ्यायचं बंद झालं."

असं सगळेच म्हणतात. मी दोन तास त्याला उलटसुलट विचारलं, रस्त्यावरचे हॉटेलवाले, गॅरेजवाले तपासले. कुठेच काही सापडेना. शेवटी पाचही गाड्यांच्या गेटपावत्या मागवल्या. पाचही गाड्या बंदराच्या गेटवर एकमेकींच्या मागोमाग, दहा मिनिटांच्या आत पोचल्या होत्या. हे मात्र मला खटकलं.

पुढच्या खेपेला मी स्वतः शीतगृहावर जाऊन बसलो. पहिली गाडी सकाळी सातलाच भरून सीलबंद झाली. ड्रायव्हर मात्र लिंबाखाली पोतं टाकून आडवा!

"निघत का नाही हा?" मी विचारलं.

एक म्हातारे बागायतदार माझ्याकडे बघतच राहिले. "आसं कसं, साहेब? पाची गाड्यांचा नारळ एकदम फुटतो. एकाची आधी लावून दिली तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

आमच्या ड्रायव्हरच्या मालकाची बाग सगळ्यात लांब, म्हणून त्याचा माल शेवटी, बाराला भरायचा. तोवर बाकीचे चौघे थांबायचे. मग पाचही एकदम निघून गेटवर एकदम गर्दी करायचे, आणि शेवटचा बाहेर राहायचा. मी बंदरावरच्या कारकुनाला फोन लावला. तो वैतागून म्हणाला, "साहेब, दुपारभर आमची क्रेन माश्या मारते. संध्याकाळी सगळ्या गावांच्या गाड्या एकदम अंगावर येतात."

"आजपासून नारळ पाच," मी म्हातारबांना सांगितलं. "भरली की फोडा आणि सोडा."

"मंग परसाद बी पाचदा वाटायचा व्हय?"

"वाटा. मी पाचही वेळा खातो."

खाल्लाही. पुढे दोन दिवस पोट कुरकुरत होतं.

तेव्हापासून कुणावर संशय आला की आधी त्याचा दिवस कसा जातो ते जाऊन बघायचं, ही सवय मला लागली. त्या ड्रायव्हरवर उगाच ओरडलो याचं मात्र अजून वाईट वाटतं.

पाच नारळ फुटले त्याच संध्याकाळी चौकीतला फोन वाजला. पलीकडे तोच ड्रायव्हर, बंदरावरून, रडवेल्या आवाजात. "साहेब, लई घोळ झालाय. गेटावर रांगच न्हाई. एक गाडी दिसंना. बंद झालं वाटतं!"

"फाटक उघडं आहे का?"

"हाय की, सताड."

"मग आत घाल की गाडी, लेका!"