सोनूबाई आणि पिवळ्या छत्रीची बाई

सोनूबाईंच्या कमरेला आजही एक चावी असते. ती ज्या कपाटाची होती ते कपाट गंजून भंगारात गेलं. त्यातला व्हीसीआर त्याच्याही आधी गेला. आता घरोघर केबल आहे, सीडी आहेत, आणि त्यांची नात श्वेता विचारते, "आजी, ही कशाची चावी गो?" सोनूबाई म्हणतात, "माझी हाय." एवढंच.

आम्ही भातसानगरच्या कॉलनीत राहायला गेलो ते नव्वद सालानंतर. धरणावरच्या नोकरीमुळे ह्यांची बदली झाली, आणि मी पदवीचं प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून चुलीऐवजी गॅसपाशी उभी राहिले. कॉलनीच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती. सोनूबाई तिथल्या. माहेर आटगावचं, शिक्षण सातवी, नवरा जयराम धरणाच्या दरवाजांच्या कामावर. अंगाने बारीक, चालणं भराभर, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. ती सवय पुष्कळांना खटकायची.

वस्तीच्या मंडळाने वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घेतला होता. समाजमंदिरातल्या लोखंडी कपाटात तो असायचा. दर रविवारी सिनेमा. पुढे सतरंजीवर पुरुष, मागे भिंतीशी बायका. बायकांना दिसायच्या त्या पुरुषांच्या माना. त्यातही ऐन मारामारीच्या वेळी कुणीतरी मागे वळून म्हणायचं, "चहाचं बघा जरा."

एका रविवारी सोनूबाई चहाचं बघायला उठल्याच नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या मंडळासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कॅसेट शहापूरवरून गुरुवारी येते ना? रविवारपर्यंत कपाटात पडून असते. मग गुरुवारी दुपारची आमाला द्या. तुमी सगळे कामाला असता." मशीन कोण चालवणार, असं कुणीतरी विचारलं. "झाडू कोण मारतं हितं? मीच. मशीन कसं चालवता ते दर रविवारी बघते."

अशी ती चावी त्यांच्याकडे आली. गुरुवारी दुपारी भांडी आटपून वस्तीतल्या बायका यायच्या. कॉलनीतून मी आणि आणखी दोघी-तिघी. जवळच्या आदिवासी पाड्यावरून सावळी यायची, कॉलनीत रानभाजी विकून झाली की रिकामी पाटी दाराशी उपडी ठेवून आत बसायची. तिच्याबरोबर तिची सून भिमी. पाडा, वस्ती आणि कॉलनी एका सतरंजीवर बसलेली मी तरी त्याआधी पाहिली नव्हती. पाण्याच्या नळावरसुद्धा आमच्या रांगा वेगवेगळ्या असायच्या.

एका गुरुवारी कॅसेटवाल्याने एक जुना इंग्रजी सिनेमा पाठवला, हिंदी आवाज भरलेला. दोन कॅसेटचा. सुरुवातच पळापळीने. एक माणूस घामाघूम होऊन स्टेशनात धावतोय. समोर पिवळी छत्री घेतलेली त्याची बायको, आणि तिच्यामागे काळ्या कोटातला कुणीतरी. बायको मरते. माणूस एका मशीनमध्ये बसतो, गेलेल्या वेळेत परत जातो, पुन्हा धावतो. बायको पुन्हा मरते. आमच्या पदरांची टोकं तोंडात गेली होती. शेवटी तो मशीन हातोड्याने फोडतो आणि रिकाम्या फलाटावर छत्री मांडीवर घेऊन बसतो.

सोनूबाईंनी दुसरी कॅसेट घातली. पडद्यावर नावं आली.

"आता नावं?" भिमी म्हणाली. "निम्मा सिनेमा झाला की."

"इंग्रजी हाय. त्यांची रीत असंल," सोनूबाई म्हणाल्या.

नावं संपली, आणि तीच बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. जिवंत, खिदळत. खाली नवरा उभा. तिने ओल्या टॉवेलचं पाणी त्याच्यावर झटकलं, हात हलवला, आणि लाईट गेली.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. सावळीने डोळे पुसले. "वाचली गो बाय."

"मशीनच मारत होता तिला," भिमीने निकाल दिला. "तो काळा कोटवाला नुसता नावाला. मशीन फोडला, बाई घरी."

मला तर दिग्दर्शकाचं कौतुक वाटलं. नावं मधे घालून एवढा उलगडा करायचा म्हणजे कमाल आहे, असं मी कॉलेजातल्यासारखं समजावूनही सांगितलं. लाईट आल्यावर सोनूबाईंनी कॅसेट काढली तेव्हा फीत अजून पुष्कळ शिल्लक दिसत होती. पण उरलेल्या फितीवर जाहिराती भरायची तेव्हा रीतच होती. त्यांनी कॅसेट कपाटात ठेवून दिली.

रविवारी पुरुषांनी तोच सिनेमा पाहिला. सोमवारी गिरणीवर भिमीचा नवरा मंगळ्या तोंड पाडून उभा. "कसला भिकार सिनेमा. बाई मेलीच शेवटी."

"कोन मेली?" भिमीने दळणाचा डबा खाली ठेवला. "कपडे वाळत घालत होती ती. आमी बघितली."

"मरते गो. दोन-चारदा मरते."

"तुमी झोपले असाल."

गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. वस्तीतला कमळाकर तिथेच होता. मंडळाचा सेक्रेटरी, कल्याणला एका कचेरीत नोकरी, खिशातून रेल्वेचा पास आणि पेन डोकावतं असा माणूस. त्याने दोन्हीकडचं नीट ऐकून घेतलं आणि मग हसायलाच लागला. "नावं मधे आली म्हणता? अरे, सोनूवहिनीने दुसरी कॅसेट आधी लावली. उलटा सिनेमा बघून रडल्या ह्या."

दुपारपर्यंत ते सगळ्या कॉलनीत झालं. आमचे हे जेवताना म्हणाले, "तुझा तो उलगडा पुन्हा एकदा सांग ना." मी भात वाढला, थोडा कमीच.

चेष्टा तिथेच थांबली असती तर ही गोष्ट लिहायची गरज नव्हती. पण बुधवारी मंडळाची बैठक बसली आणि सोनूबाईंना बोलावणं आलं. मी बाकीच्या बायकांबरोबर बाहेर ओट्यावर होते. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सोनूवहिनी, चावी जमा करा," कमळाकर म्हणाला. "महागाची वस्तू हाय. आज कॅसेट उलटी घातली, उद्या मशीन जाळाल. गुरुवारचं बंद. रविवारी या ना बघायला, कोन नाय बोलतं?"

"मागे भिंतीशी?"

"जागा असते तिथे."

"कॅसेट उलटी लावली, बरोबर हाय," सोनूबाई म्हणाल्या. "कॅसेटवरच्या चिठ्ठीचा नंबर पुसला होता, मी दोन्ही सारख्याच धरल्या. चूक माझी. पन तुमच्या पुतण्याच्या हळदीला तुमी आख्खा सिनेमा बिनआवाजाचा लावला होता, भाऊ. वायरच जोडली नव्हती. तवा तुमची चावी कुनी मागितली नाय."

ओट्यावर आम्ही पदरात हसलो. आत कुणीतरी खोकलं.

"जयराम, तू सांग बायकोला," कमळाकर म्हणाला.

जयराम म्हणाला, "मला नका मधे घेऊ. माझ्याकडे घराचीपन चावी नसते."

"उद्या गुरुवार हाय," सोनूबाई म्हणाल्या. "कॅसेट अजून हितंच हाय. उद्या सरळ लावते, पयल्यापासून. कुनाला बघायचं असंल तर या. चावीचं मग बोलू."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. कमळाकर रजा टाकून आला होता, दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभा. सोनूबाईंनी दोन्ही कॅसेट त्याच्यापुढे धरल्या. "पयली कुठली? तुमीच सांगा." त्याने उगाच उलटसुलट करून बघितल्या आणि एकीवर बोट ठेवलं. बरोबर होतं.

नावं आली, गॅलरी आली, ओला टॉवेल आला. मग मागच्या गुरुवारी आम्हाला न दिसलेलं सगळं आलं. काळा कोट जिन्यात उभा होता. ती छत्री घेऊन घराबाहेर पडली. त्या दिवशी नेमकी लाईट राहिली. सिनेमा पुरता झाला, फलाट रिकामा झाला, छत्री त्या माणसाच्या मांडीवर आली. कुणी डोळे पुसले नाहीत. सगळ्या सोनूबाईंकडे बघत होत्या.

"आता कळली खरी गोष्ट?" कमळाकर म्हणाला. "जे व्हायचं ते होतंच. माणूस कितीबी मागे गेला तरी बदल नाय. हेच सांगायचंय सिनेमाला."

"मग तो जातो कशाला?" भिमीने विचारलं. "मशीन बनवायला लागतो, रात्ररात्र जागतो. बाई मरनारच होती तर घरी बसायचं ना."

"आमची बरी होती," सावळी म्हणाली.

"अगो, बरीचा प्रश्न नाय, खरी ही हाय," कमळाकर म्हणाला.

"खरी?" सोनूबाई उठल्या. "भाऊ, ती बाई तरी खरी हाय का? कुनीतरी बसून ठरवलं, हिला मारायची. एकदा नाय, दहादा. आमी ठरवलं, जगवायची. सिनेमा तोच, कॅसेट त्याच. तुमची गोष्ट तुमच्यापाशी ठेवा, आमी नाय काढून घेत."

कमळाकरने हात पुढे केला. "चावी."

"चावी घेतली तर रविवारचा चहा तुमचा तुमी करा," मागून कुणीतरी म्हणालं. आवाज वस्तीतला होता की कॉलनीतला ते मला सांगता येणार नाही, कारण मागून लगेच दुसराही आला, मग तिसरा. एकही बाई उठली नाही. सावळीने तर पाय पसरले.

कमळाकरने पुढे केलेला हात मागे घेतला. मग त्याने तो खिशात घातला, जणू रुमालच काढायचा होता.

"सोनू, आमची लाव," सावळी म्हणाली.

सोनूबाईंनी पहिली कॅसेट मागे फिरवली. मशीन घरघरलं. पुन्हा नावं, पुन्हा गॅलरी, पुन्हा ती पिना तोंडात धरून कपडे वाळत घालणारी बाई. तिने टॉवेल झटकला, खाली नवऱ्याकडे बघून हात हलवला, आणि सोनूबाईंनी भिंतीवरचं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं.

"झाली," त्या म्हणाल्या, आणि कपाटाला कुलूप लावून चावी कमरेला खोचली. "चला, नळाला पानी आलं असंल."