दोनदा वाचवलेला राजपुत्र

हिरामणदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत घरी दाढी करत होतो. अर्धवट दाढीनेच खाडीकाठचं त्याचं बाळकुम गाठलं. अंगणात जमलेली माणसं एकमेकांना एकच गोष्ट सांगत होती, डोळे पुसता पुसता हसत होती... त्या गोष्टीत मीही आहे, म्हणून महिन्याभराने लिहायला बसलोय.

दादा आणि मी एकाच कारखान्यात होतो, गणपतीतल्या नाटकांत तोंडं रंगवायचो. ऐंशीच्या दशकात खाडीवर एका ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग आलं. गादीसाठी दरबारात कट शिजतो, दिवाण फितूर होतो आणि त्याचा नावाडी राजपुत्राला पाण्यात ढकलतो, अशी कथा. होडी हाकता येणारा नट मिळेना. दादा पडला कोळीवाड्यातला, त्याला घेतलं. पडद्यावर त्याचा चेहरा मोठाच्या मोठा दिसणार होता. अख्ख्या गावाला त्याने तेव्हाच आमंत्रण देऊन टाकलं.

दादाने राजपुत्राला झकास ढकललं. तो ठरल्याप्रमाणे "वाचवा!" ओरडला, आणि आमच्या खुन्याने पागोट्यासकट उडी मारून त्याला बखोट धरून वर काढलं! दुसऱ्यांदाही तेच. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही खुनी आहात!"

"असन खुनी," दादा निथळत म्हणाला. "पन मानूस वाचवा बोलतो, न मी मिशीला पीळ देत उभा राहू?"

मग ढकलायचं काम माझ्याकडे आलं, आणि दादाला सगळ्यांनी बजावलं, आता उडी नको. मी नको नको म्हणत होतो. "कर रे, तुला जमंल," दादाने टोमणा हाणला आणि होडीतच मागे, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

कल्याणच्या थिएटरात त्याच्या नातेवाइकांनी तीन रांगा भरल्या. पडद्यावर भलंमोठं माझं थोबाड! वहिनींनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. दादा मात्र "ती पाठ माझीच!" म्हणून शेजारच्यांना कोपराने ढोसत होता. परतताना रिक्षात मात्र तो तोंड फिरवून बाहेर बघत बसला. मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं.

परवा वहिनींनी त्या सिनेमाची कॅसेट मागवली. राजपुत्र पाण्यात पडला तशा म्हणाल्या, "भाऊ, थांबव." मी चित्र थांबवलं. माझ्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता त्यांनी कोपऱ्यात बोट ठेवलं. इतक्या वर्षांत मी तिकडे कधी पाहिलंच नव्हतं. दादाचा एक पाय उचललेला होता, आणि हाताने होडीची कड गच्च आवळलेली होती.

"तुम्ही सगळे त्याला उडी नको बोललेलात ना," वहिनी म्हणाल्या. "बघ, कसं धरून ठेवलंय त्यानं स्वतःला."