धुरपतामायचा कोरडा देव

१९४८ च्या श्रावणात आमच्या डोंगरकडा गावात सगळ्यात जास्त हाल कुणाचे झाले असतील तर ते देवांचे. रझाकार येऊन राहिले अशी आवई उठली की बाया देव्हाऱ्यातले देव उचलून पाण्याच्या तांब्यात ठेवत. संकट टळेपर्यंत देवाने बुडून राहायचं, ही आपली पद्धत. आवई रोजच उठे, त्यामुळे गल्लीतले देव महिनाभर पाण्यातच होते. कोरडा एकच, धुरपतामायचा खंडोबा.

"ज्यानं तारायचं त्यालाच बुडवायचं?" ती म्हणे. "त्याला समदं दिसून राहिलंय. पाण्यात घालून आठवण कशाला द्यायची?"

शेजारच्या शकुबाईला हे झोंबे. दोघींची भिंत एक आणि शेवग्याचं झाडही एक, म्हणजे भांडायला कारणांचा तोटा नव्हता.

धुरपतामायचा एकुलता लेक सोनाजी. बायको-लेकरं गाडीत घालून तो पैनगंगेपल्याड सासुरवाडीला निघाला. तो मुलूख निजामाच्या राज्याबाहेर, तिथं घोर नव्हता. मायलाही चल म्हणाला, पण "देवाला दिवा कोण लावील?" म्हणून ती राहिली.

"पोळ्याला बैल घेऊन दारात उभा हाय बघ, माय," असं सांगून तो गेला.

पोळा आला, सोनाजी आला नाही. मायने मातीची बैलजोडी केली, पुजली आणि पुरणपोळ्या गल्लीतल्या आम्हा टवाळ पोरांना वाढल्या.

मी म्हणालो, "माय, बैल लई वाळले."

"त्याहीचा घास तुमीच खाऊन राहिले, तं काय होईल?"

पुढच्या आठवड्यात कुणीतरी बातमी आणली की नदीच्या वाटेवर गाड्या लुटल्या. कुणाच्या, ते त्याला माहीत नव्हतं. माय शेतात गेलेली पाहून शकुबाई तिच्या घरात शिरली आणि खंडोबाचा टाक तांब्यात सोडून आली. खरं तर तिचाही सोनाजीवर जीव होता.

संध्याकाळी मी विस्तव मागायला गेलो, तेव्हा माय चुलीपुढे बसून पदराने टाक पुसत होती.

"मी लई हट्टी हाव का रे देवा?" ती हळूच म्हणाली. "असंल बी. पण पोरगं तुझ्याच भरवशावर धाडलं. आता तू जाण."

मग मला पाहून ओरडली, "दारात काहून उभा? विस्तव ने, अन् त्या शकीला सांग, देवाला शिंका येऊन राहिल्या!"

मी निरोप बराबर पोचवला. एक शिंक पदरची घातली.

हैदराबाद पडल्याची बातमी आली, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी भर दुपारी गल्लीत घुंगरं वाजली. सोनाजी! गाडीत बायको, लेकरं, आणि त्याची दाढी अशी की बैलांनीच ओळखावं.

"पोळ्याच्या आदल्या दिवशीच निघालो व्हतो, माय. पण पैनगंगा दोन्ही थड्या भरून. जरा उतरे, की पुन्हा चढे. थडीवरच बसून राहिलो."

शकुबाई धावतच आली. "पाहिलं? मी तुझा देव पाण्यात घातला म्हणून आलं पोरगं!"

धुरपतामायने लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि वळली.

"अगं, समद्या गावानं महिनाभर देव पाण्यात ठेवले, मग नदीला पूर न्हाई येणार तं काय! माझा एकला कोरडा व्हता, त्यानंच उतार दिला."

सोनाजी हसता हसता म्हणाला, "पर पोळा हुकला ना, माय."

"हुकला कसा? देव बराबर येळेवर पावला. पोळाच लवकर आला व्हता."

त्याच दिवशी तिने पुन्हा पुरण घातलं. पाट्यावर पुरण वाटायला शकुबाई आपण होऊन आली. खऱ्या बैलांची शिंगं रंगली, मातीचे बैल लेकरांनी पळवले. आणि भिंतीपल्याड, शकुबाईच्या अंगणात, सुपात ओळीने मांडलेले तिचे देव महिन्याभराने ऊन खात होते.