तिसऱ्या वळणावरचा उजेड

जिनं लहानपणापासून भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटली, तिनंच एक दिवस न उलगडणारं काही पाहिलं, तर तिनं काय करावं? तोंड दाबून बसावं, की तुमच्यासमोर उभं राहून सांगावं?

मी सांगायचं ठरवलं आहे. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. आमच्या घरात पाळण्याची दोरीसुद्धा पत्रकांचे गठ्ठे बांधायच्या सुतळीची होती. मला अक्षरओळख झाली ती ‘बंधुभगिनींनो, जागे व्हा’ या ओळीवरून. करणी, अंगात येणं, झपाटणं... या सगळ्यांशी मी चव्हाट्यावर उभी राहून भांडले आहे आणि पुढंही भांडणार आहे. तेव्हा हे वाचून ज्यांना ‘बघा, आली शेवटी वाटेवर’ असं म्हणायचं असेल, त्यांनी खुशाल पान उलटावं. माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पुण्याच्या छोट्या चित्रसंस्थेनं मुलांसाठी एक साहसी बोलपट काढायला घेतला. कथा आणि संवाद माझे. राक्षस नको, राजपुत्र नको, रेशनच्या रांगेत उभी राहणारी पोरं हवीत, हा माझा हट्ट दिग्दर्शक नानांनी मान्य केला. काळ्या बाजारवाल्यांनी एका किल्ल्याच्या भुयारात धान्य दडवलेलं असतं आणि चार मुलं ते शोधून काढतात, अशी गोष्ट. (पोत्यांत खरं धान्य भरायला कुठून आणणार? आम्ही भुसा आणि वाळू भरली. आणि जो नट दुष्ट व्यापारी झाला होता, तो इतका मायाळू की दटावून झालं की मुलांना खिशातून पेपरमिंट काढून द्यायचा. त्याची डिंकानं चिकटवलेली मिशी मुंग्यांना फार आवडे.)

किल्ला श्रीगोंदा तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठी आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण उद्या कोणी तिथं जाऊन दगडाला शेंदूर फासेल. बाकी सगळं अचूक सांगते. नदीकडच्या तटाखाली भुयाराचं तोंड आहे. आत शिरलं की थोड्या अंतरावर उजवीकडे पहिलं वळण. मग डावीकडे दुसरं. मग जरा लांबवर तिसरं, एकदम काटकोनात. त्यापलीकडे पेव आहे, म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं जुनं कोठार. पेवाचं तोंड उघडं. वर झाकण नाही, कडेला कठडा नाही. आमचं काम दुसऱ्या वळणापर्यंतच होतं. पुढं कोणी जायचं नाही, असं नानांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

गावात पोचले तेव्हा मी वादाच्या तयारीनंच गेले होते. चावडीवर बसलेल्या रामभाऊ नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, “बाबा, त्या भुयारात काय आहे म्हणतात?”

“वटवाघळं हायेत.”

“तसं नाही. भूत, खवीस, एखादी बाई...?”

“बाई कशाला जाईल तिथं? शेरडं जात्यात उनाची. लेंड्या हायेत लई.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “तुमाला पायजेलच आसंल तर सांगतो एखादं भूत. शिनेमावाल्यांना न्हाई कशाला म्हना!”

म्हणजे माझ्या भाषणावर पाणी पडलं. त्या गावात भुयाराबद्दल एकही गोष्ट नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण अशा अनुभवांमागं नेहमी एखादी जुनी कथा असते आणि माणसाला तीच दिसते. मला दिसण्यासारखं तिथं काही ठेवलेलंच नव्हतं.

आता उजेडाचं सांगते. भुयारात चित्रण करायचं तर मोठे दिवे हवेत, दिव्यांना जनरेटर हवा, आणि जनरेटर ओढणारा ट्रक नदीच्या वाळूत रुतला तो रुतलाच. नाना डोक्याला हात लावून बसले. पण आमचे कॅमेरामन हमीदभाई हसले. हमीदभाई नगर शहरातले. तिथं त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ. म्हणाले, “नाना, सूरज काही सरकारी नाही. त्याला परमिट लागत नाही. आपण त्यालाच आत नेऊ.”

आणि नेला! काय ते काम, वाचकहो! दौंडच्या एका सलूनमधले आरसे आले, श्रीगोंद्याच्या एका दुकानदाराच्या कपाटाचं आरशाचं दारच उचलून आणलं, आणि आमच्या चमकी कागद लावलेल्या फळ्या होत्याच. पहिला आरसा बाहेर वाळूत. त्यानं ऊन पकडून भुयाराच्या तोंडातून आत फेकायचं. पहिल्या वळणावर दुसरा आरसा, तो ऊन पुढं ढकलणार. दुसऱ्या वळणावर फळ्या, त्या उजेड पसरवणार. सूर्य सरकला की बाहेरचा आरसा सरकवायचा, तो सरकला की आतले सगळे सरकणार. धरायला गावातली माणसं. वीज कधी न पाहिलेल्या हातांनी त्या काळोखात दुपार आणून ठेवली. मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही स्टुडिओपेक्षा मला ते मोठं वाटलं, अजून वाटतं.

एकच अडचण होती. हातात धरलेला आरसा माणसाच्या श्वासाबरोबर हलतो. आरसा केसभर हलला तर दूरच्या भिंतीवरचा उजेड हातभर वरखाली होतो. भिंतच श्वास घेते आहे असं वाटतं. म्हणून हमीदभाईंनी नियम केला, ‘कॅमेरा’ म्हटलं की सगळ्यांनी श्वास धरायचा, ‘कट’ म्हटलं की सोडायचा.

बाहेरचा पहिला आरसा गावातल्या सखूबाईकडे होता. तिनं विचारलं, “आन् तुमी कट म्हनायला इसरला तर?”

हमीदभाई म्हणाले, “तर मावशी, तुमच्या मयतीला मी स्वतः येईन.”

“या की! येताना ह्यो आरसा घिऊन या. माजं त्वांड तरी बगीन जाताना.”

मुलांनाही नियम होते. ‘कट’ ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, आणि तेही नानांच्याच आवाजातलं. उजेडाच्या बाहेर पाय टाकायचा नाही, कारण उजेडाबाहेर गेलं की चित्रात तुम्ही नाहीच. चार मुलांत शकू सगळ्यांत लहान, नऊ वर्षांची. आणि नियम पाळण्यात सगळ्यांत कडक! एकदा डोळ्यात किडा गेला तरी तिनं ‘कट’पर्यंत डोळा चोळला नव्हता.

त्या दिवशी दुपारी मुलांच्या पळण्याचा तुकडा घ्यायचा होता. मुलं पहिल्या वळणाकडून पाठमोरी पळत दुसऱ्या वळणाआड जातात आणि तिथं लपतात, एवढंच. मागून व्यापारी गोड आवाजात नावं घेऊन हाका मारतो, पण मुलं ओ देत नाहीत. आवाज नंतर पुण्यात भरायचा होता, म्हणून ध्वनिमुद्रण नव्हतं. आणि कच्ची फिल्म तर औषधासारखी मोजून मिळते. ‘कट’ ऐकताच सगळ्यांचे श्वास सुटत, उजेड हले आणि शेवटचे काही फूट वाया जात; म्हणून ध्वनिमुद्रण नसलं की नाना तोंडानं ‘कट’ म्हणण्याऐवजी नुसता हात वर करत. हमीदभाईंचा डोळा कॅमेऱ्याला, त्यांना हात दिसायचा नाही. त्यांच्या खांद्यावर नानांची थाप पडायची, कॅमेरा थांबायचा. आम्हा मोठ्यांना ते सवयीचं होतं.

पण पाठमोऱ्या मुलांना वर केलेला हात दिसणार कसा?

तिघे मुलगे वळणाआड जाऊन थांबले आणि खिदळत परत आले. शकू आली नाही. कोणी ‘कट’ म्हटलंच नव्हतं.

“शकू कुठं आहे?” मी विचारलं.

“ती पळतच होती ताई, पुढं गेली.”

रामभाऊ तिथंच फळी धरून उभा होता. त्याचा चेहरा उतरला. “आवं, म्होरं प्याव हाय!”

मग एकच कल्लोळ झाला. हातातले आरसे, फळ्या टाकून सगळे धावले, काही आत, काही कंदील आणायला बाहेर. आमच्या विजेरीचे सेल केव्हाच संपले होते. मी कशाची वाट न बघता भिंतीला हात लावून पुढं निघाले. फळ्या खाली पडल्याबरोबर भुयार कोळशासारखं काळं झालं होतं. मी हाका मारत होते, “शकू! शकू गं!” ओ नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं, ती ओ देणारच नव्हती. कोणी हाक मारली तरी बोलायचं नाही, असं मीच तिच्यासाठी लिहिलं होतं. तिच्या दृष्टीनं दृश्य अजून चालू होतं! मी ‘कट’ म्हणून ओरडले. पण तो आवाज नानांचा नव्हता. आणि ती अंधारात आणखी एक पाऊल टाकणार की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता.

तिसरं वळण हाताला लागलं. मी वळले... आणि समोर उजेड होता.

समोरच्या भिंतीवर सुपाएवढा, पिवळा, उन्हाचा उजेड. कंदिलाचा नव्हे; महिनाभर आरशातलं ऊन बघत होते, मला फरक कळतो. तो भिंतीवरून खाली सरकला, जमिनीवर आला आणि पेवाच्या काठावर थांबला. काठाच्या अलीकडेच शकू भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पायाची बोटं उजेडाच्या आत, आणि उजेड संपत होता तिथं पेवाचं तोंड सुरू होत होतं.

तो उजेड वरखाली होत होता. सावकाश. दमलेला माणूस श्वास घेतो तसा.

मी काठाकाठानं जाऊन तिला कवटाळलं. “झालं कट, बाळा, झालं.” ती फुंदून रडायला लागली. उजेड आम्ही वळणापर्यंत येईतो तिथंच होता. वळणावर आले, त्याला कोणी धरलंय ते बघायला दुसऱ्या वळणाकडं मान वळवली. तिथं कोणी नव्हतं. नुसता काळोख. मागं पाहिलं तर मागंही काळोखच.

दुसऱ्या वळणाशी माणसं भेटली. नाना रडत होते. मी विचारलं, “आरसा कोणी धरला होता?” दोन्ही वळणांवरचे आरसे आणि फळ्या पडल्या होत्या तिथंच होत्या. बाहेर गेले तर सखूबाईचा आरसा वाळूत पालथा. हमीदभाईंची शिस्त होती, हातातून सोडला की आरसा पालथाच घालायचा, नाहीतर एखाद्याचे डोळे जायचे. पहिलाच आरसा पालथा, मग आत ऊन गेलं कुठून?

शकूला संध्याकाळी विचारलं. ती गूळपोळी खात होती. म्हणाली, “‘कट’ झालं नव्हतं, म्हणून अंधारातही मी पळत होते. मग पायापुढं उजेड आला आणि थांबला. म्हणून मीपण थांबले. मग तो भिंतीवर जाऊन परत आला. उजेडाच्या बाहेर जायचं नाही ना?” मग जरा रुसून, “तुम्हीच पाठवला होतात ना, ताई? मग ‘कट’ का नाही म्हणालात?”

हमीदभाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं काम थांबवलं. होते नव्हते तेवढे आरसे आणि गावातल्या घराघरांतले आरसे गोळा करून, त्याच वेळेला, त्याच उन्हात तिसऱ्या वळणापर्यंत साखळी लावली. पेवापर्यंत पोचली ती नुसती करडी धूसर झाक. सुपाएवढा पिवळा उजेड काही केल्या पडेना. छताला एखादी फट असेल म्हणून आम्ही वरून तट पायांखाली घातला. वर अखंड दगड आणि घाणेरीची झुडपं. माझ्या डोळ्यांना भास झाला म्हणावं, तर शकूला तोच भास माझ्या आधी कसा झाला? नाना म्हणाले, “तू घाबरली होतीस.” होते ना! पण भीतीनं माणसाला उजेड दिसतो, असं मी अजून कुठं वाचलेलं नाही.

मला वाटलं, आता गावात देवऋषी निघेल, नवस होईल. मी कंबर कसली. पण रामभाऊ चिलीम ओढत शांतपणे म्हणाला, “द्येव न्हाई आन् भूत बी न्हाई बाई. उजेड आला व्हता न्हवं? मग कुनीतरी धरला आसंल. आरसा काय आपसुक हुबा ऱ्हातो?”

“पण कोणी, रामभाऊ?”

“त्ये मला ठावं आसतं तर त्येला चा पाजला नसता व्हय?”

याहून शहाणं उत्तर मला कोणत्याही शास्त्राच्या जाणकाराकडून मिळालेलं नाही. खुलासा आजही माझ्याकडं नाही, आणि तो नाही म्हणून मी नारळ फोडणार नाही. पण एका गोष्टीवर मी नानांशी भांडले आणि जिंकले. बोलपटाच्या सुरुवातीला नटांची, संगीतकाराची, अगदी पैसे घालणाऱ्या शेटजींच्या चिरंजीवांचीही नावं येतात. उजेड धरणाऱ्यांची कधी कोणी दिली आहेत? आमच्या चित्रात एक स्वतंत्र पाटी येणार आहे. सखूबाई, रामभाऊ आणि त्या गावची जी जी माणसं ऊन हातात धरून उभी राहिली, त्या सगळ्यांची नावं तिच्यावर असतील.

त्या पाटीवर मी शेवटची एक ओळ कोरी ठेवली आहे. पाटी रंगवणारा रोज विचारतो, इथं काय लिहू? मी त्याला थांबवून धरलं आहे. तेव्हा श्रीगोंद्याकडच्या, भीमाकाठच्या वाचकांना माझी विनंती आहे. आज घरी विचारा. शेतावर विचारा, बाजारात विचारा, शेरडं घेऊन हिंडणाऱ्याला विचारा. त्या दुपारी हातात आरसा, ताटली, पत्र्याचा तुकडा, काहीही घेऊन कोणी त्या किल्ल्याजवळ उभं होतं का? कोणी ‘मी होतो’ म्हणालं तर त्याला हसू नका. त्याचं नाव संपादकांच्या पत्त्यावर मला कळवा.