इतवारी ते प्रताप नगर, आडवी

नागपूरला उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं. माझी शाळेतली मैत्रीण सुनंदा लग्नानंतर इथलीच झालेली. प्रताप नगरच्या घरी तिने पाटोडी-रस्सा (बेसनाच्या वड्यांची जहाल आमटी) वाढला आणि दुपारी आम्ही पितळेचा गंज (पातेलं) घ्यायला इतवारीत गेलो.

भांड्यांच्या गल्लीत एका टेम्पोने मागे येताना मला दुकानाच्या ओट्यावर दाबलं. उजवी मांडी मोडली हे आवाजावरूनच कळलं. लोकांनी टेम्पो ढकलला, रुग्णवाहिका बोलावली. सुनंदाच्या घराजवळच्या हाडांच्या दवाखान्यात जायचं ठरलं. रुग्णवाहिकेतल्या मदतनीसाने पायाला फळ्या बांधून मला आत घेतलं, सुनंदा शेजारी बसली.

शहर बघायला आले होते. आता खिडकीतून नुसत्या विजेच्या तारा दिसत होत्या. सायरन लावून गाडी सुसाट सुटली. माझं डोकं ड्रायव्हरकडे, पाय मागच्या चाकांवर. ब्रेक लागला की अंग डोक्याकडे घसरायचं, कपाळात रक्त चढायचं. प्रत्येक गतिरोधकावर हाडाची टोकं एकमेकांवर घासायची. मळमळ, हुडहुडी, आणि मग पायाची बोटं बधिर होऊ लागली.

हळू चालवा, असं मी सांगून पाहिलं. सायरनमध्ये कोण ऐकतो? मग डोक्यामागची काच बुक्कीने बडवत राहिले, गाडी बाजूला लागेपर्यंत.

"काहून थांबवून राहिल्या बाई?" ड्रायव्हर चिडला. "उशीर झाला तर मले बोलू नका."

"मी शुद्धीवर आहे आणि पाय माझा आहे. हळू न्या, नाहीतर मी इथेच उतरते."

कशी उतरणार होते कोण जाणे. सुनंदा आधी मलाच गप्प करत होती. माझी पांढरी पडलेली बोटं पाहून मात्र ती त्याच्याकडे वळली. "भाऊ, तिचा पाय थंडा पडून राहिला. आरामानं घ्या."

मदतनीसाने फळ्या सोडून पाय सरळ केला, घडीची ब्लँकेटं लावून पुन्हा बांधला. उरलेला रस्ता ड्रायव्हरने खड्डे चुकवत, धुसफुसत कापला. हळूहळू बोटांना मुंग्या आल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मला झापलं, रुग्णवाहिका अशी अडवायची नसते म्हणून. एक्स-रेचा फोटो पाहिल्यावर त्यांचा आवाज उतरला. हाडाचं टोक मोठ्या रक्तवाहिनीला जवळजवळ टेकलं होतं.

"तरी असं करू नये," ते म्हणाले.

"मी करीन," मी म्हणाले.

मांडीत सळई घेऊन मी घरी परतले. एवढ्या वेदनेत वाद कशाला घातलास, असं इथे सगळे विचारतात. वेदना होती म्हणूनच घातला. धक्का शरीरात कुठे पोचतो, हे त्या गाडीत फक्त मला कळत होतं, आणि ते सांगायला तोंडही माझ्याकडेच होतं.