मेल अडवणारी प्रीती

कल्याणच्या मुरबाड रोडवर एक नर्सिंग कॉलेज आहे. तिथे कोणाचा मेल आत येणार आणि कोणाचा दाराबाहेर राहणार, हे प्रीती गांगुर्डे ठरवायची. हुद्दा म्हणाल तर संगणक सहाय्यक, तोही कंत्राटी. पण दोन वर्षांपूर्वी कोणा भामट्याने कॉलेजच्या नावाने पालकांना खोटे मेल धाडले, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा हिनेच तीन दिवस खपून सर्व्हर ताळ्यावर आणला. कॉलेजातून जाणाऱ्या प्रत्येक मेलवर डोळ्यांना न दिसणारी सही लागेल अशी सोय केली. ती सही नसेल, तर समोरचा सर्व्हर कॉलेजच्या नावाचा मेल घेतच नाही. शाबासकी मिळाली, चहा मिळाला, कंत्राट मात्र कंत्राटच राहिलं.

मग आले उत्तमराव. कॉलेजचेच निवृत्त हेडक्लार्क, अगदी देवमाणूस, पण रोज सकाळी सहाला अख्ख्या स्टाफला मेल: ‘सविनय नमस्कार. आपला दिवस मंगलमय जावो. आपले आशीर्वाद असावेत.’ खाली गुलाबाचं फूल. भीक नको पण कुत्रा आवर! आता इतक्या सज्जन माणसाला तोंडावर सांगणार कोण? स्टाफने गुपचूप ‘स्पॅम’चं बटण दाबायला सुरुवात केली. आणि प्रीतीने फिल्टर लावलेला असा, की माणसं ज्याला स्पॅम म्हणतील त्यातले शब्द तो आपले आपण शिकेल आणि पुढे ते शब्द दिसले की मेलला संशयाचे गुण देईल. पाच गुण भरले की मेल बाजूला. कॉलेजचा बाकी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत. फिल्टरने मराठी म्हणून पाहिलं ते एका उत्तमरावांचं. मग ते यंत्र तरी बिचारं काय शिकणार? मराठीतून नमस्कार घालतो तो कटकट्या, एवढंच शिकलं.

हे प्रीतीला कळलं एका सोमवारी, दुपारी तीन वाजता.

खडवलीचा टेम्पोवाला महिपत प्राचार्य ठोंबरे मॅडमच्या टेबलासमोर उभा होता. त्याच्या मुलीला, संचिताला, पहिल्या यादीत सीट लागलेली. ‘सीट घेतो’ असा मेल शुक्रवारी पाचच्या आत पोहोचायला हवा होता. तो दिसला नाही, म्हणून शनिवारी कॉलेजने फोन करून सीट गेल्याचं कळवलं. आज चार वाजता ती सीट प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळणार होती.

“मी पाठवलेला मॅडम. गुरुवारी, स्टेशनजवळच्या दुकानातून. दुकानवाला बोलला, गेला म्हणून.”

“सगळे असंच म्हणतात हो.” मॅडमनी प्रीतीला बोलावून घेतलं. “प्रीती, यांना इनबॉक्स दाखव गं. होऊ दे समाधान.”

इनबॉक्समध्ये मेल नव्हता. मग प्रीतीने आपल्या लॅपटॉपवर अडवलेल्या मेलचं फोल्डर उघडलं, तर मेल तिथे पडलेला. गुरुवार, अकरा बेचाळीस. संशयाचे गुण सात.

‘सविनय नमस्कार. माझी मुलगी संचिता हिची सीट आम्ही घेत आहोत. फॉर्म जोडला आहे. आजचा दिवस आमच्यासाठी मंगलमय आहे. आपले आशीर्वाद असावेत. पुन्हा एकदा नमस्कार.’

प्रीतीचे वडील बाबुराव आंबिवलीच्या चाळीत सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं. पण कचेरीच्या खिडकीतला कारकून अर्जावरचं आडनाव वाचूनच अर्ज बाजूला सरकवायचा, मजकुरापर्यंत जायचाच नाही. त्यांचं बोट धरून तिने हे कितीदा पाहिलेलं. आणि आज खिडकीच्या आत ती स्वतः बसलेली! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी ही. तिला स्वतःची लाज वाटली.

ते फोल्डर तिच्याशिवाय कोणालाच उघडता येत नव्हतं. ‘नाही मॅडम’ एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं, तेही मनात येऊन गेलं. का येऊ नये? घर तिच्याच पगारावर चालत होतं.

“मॅडम, मेल आलाय,” ती म्हणाली. “गुरुवारीच आलाय. माझ्या फिल्टरने अडवला, त्यातले ‘नमस्कार’, ‘आशीर्वाद’ असले शब्द बघून.”

ठोंबरे मॅडमनी चष्मा काढला. “मुदत संपली गं. आता काय करू मी?”

“नोटिशीत मेल पोहोचायला हवा असं लिहिलंय, आपण वाचायला हवा असं नाही. ही वेळ बघा. सर्व्हरने मेल घेतला, मग बाजूला टाकला. घरात घेऊन आपणच लपवला, त्यात त्यांचा काय दोष?”

मॅडमनी लॅपटॉप जवळ ओढून वेळ वाचली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झालेले.

“हे सगळं लिहून देशील? तुझ्या सहीने? फाइलला लागेल हं. उद्या कंत्राटाचं काय झालं तर मला काही बोलता यायचं नाही.”

“देते.”

आणि दिलं. कोणता फिल्टर, कोणी लावला, काय तपासायचं राहिलं, सगळं. मॅडमनी तो कागद फाइलला लावला, यादीत संचिताच्या नावावर मारलेली रेघ खोडून शेजारी सही केली आणि शिपायाला हाक मारली. मग प्रीतीने जागेवर जाऊन फिल्टरचं आपले आपण शिकणं बंद केलं.

ती बाहेर आली तर महिपत जिन्यापाशी थांबलेला.

“बाई, माझंच चुकलं का ओ? दोनदा नमस्कार लिवला म्हणून?”

“नाही हो काका. तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी. मी लावलेल्या फिल्टरनेच तुमचा मेल अडवला.”

आता हा माणूस शिव्या घालणार, असं तिला वाटलं. घातल्या असत्या तर तिने ऐकूनही घेतल्या असत्या. पण तो एवढंच म्हणाला,

“शनवारपासनं पोरीनं ताटाला हात नाय लावला, बाई.”

महिपतने खिशातून फोन काढला, नंबर लावला. पलीकडून पोरीने काही विचारायच्या आत तो म्हणाला, “मिलाली गं सीट. तू आधी जेव.”