कट्ट्यावरची लक्ष्मी

“आणि काच बदलायला तुमच्या हातांना काय झालं होतं? जन्मभर लोकांच्या देवांना काचा बसवल्यात ना?”

“अगं, तडा गेलेला देव घरात ठेवत नाहीत. श्रावण तोंडावर आलाय, वरमहालक्ष्मीची पूजा आलीय. म्हणून पिंपळाच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. कचऱ्यात नाही टाकला मी.”

“देवाला तडा गेला नव्हता. काचेला गेला होता.”

मुकुंदरावांनी पेपर उघडला आणि पुन्हा मिटला. तुंगाबाईंच्या पायात अजून प्रवासातल्या चपला होत्या. भाचीच्या बाळाच्या बारशाला तुमकूरला गेल्या होत्या, त्या नुकत्याच परतल्या होत्या. पिशवी दारातच होती. समोरच्या भिंतीवर, जिथे त्यांची लक्ष्मी टांगलेली असे, तिथे पिवळट रंगात एक पांढरा चौकोन उरला होता. वर खिळा तसाच होता.

“अण्णा, मी काच बदला म्हणाले होते,” शाल्मली लॅपटॉप पिशवीत घालत म्हणाली. बेळ्ळंदूरला जाणारी कंपनीची बस तिला चुकवायची नव्हती. “कोणाच्या डोक्यावर पडेल म्हणून म्हटलं. बाहेर नेऊन ठेवा असं नव्हते म्हणाले.”

“तू निघ गं, तुला उशीर होईल,” तुंगाबाई सुनेला म्हणाल्या. “हे आमच्या दोघांचं आहे.”

विनोदकुमारनं दाढी करता करता मोरीतून डोकं बाहेर काढलं. “आई, स्वल्प शांत हो. अण्णांनी मुद्दाम केलं का? एक फोटो तर आहे. दुसरा आणू.”

मग त्यानं डोकं आत घेतलं.

फोटो म्हणजे छापील कागद, एवढं तुंगाबाईंनाही ठाऊक होतं. बंगळूरच्या चिकपेटेतल्या गल्लीत मुकुंदरावांचं फ्रेमचं दुकान होतं आणि असे कागद तिथे गठ्ठ्यानं यायचे: गणपती, वेंकटरमण, सरस्वती, लक्ष्मी. लग्न होऊन आल्यावर सासूनं तुंगाबाईंना आधी स्वयंपाकघर दाखवलं, मग माडीवरचा पाट. त्या पाटावर देवांना कपडे चढवायचे. शेजारच्या साडीच्या दुकानांतून चिंध्या यायच्या. चिंचोक्याची खळ शिजवायची, कापड बेतायचं, चित्रातल्या देवीच्या अंगावर बरोबर बसवायचं, कडेनं बारीक टाके घालायचे. मग जर, टिकल्या, मणी, बेगड. तोंड, हात आणि पाय मात्र उघडे ठेवायचे. “तेवढे छापणाऱ्याचे,” सासू म्हणायची, “बाकी आपले.”

गिऱ्हाइकं लांबून यायची. मल्लेश्वरमहून एक बाई यायच्या, त्या सरस्वतीच्या पांढऱ्या साडीला निळे काठ लावून घ्यायच्या. बनशंकरीला हे घर झाल्यावर तो पाटही इकडे आला, आणि मुकुंदराव संध्याकाळी स्कूटरवरून तयार तसबिरी दुकानात न्यायचे. लोक म्हणायचे, मुकुंदरावांची लक्ष्मी घ्यावी, जिवंत वाटते. मुकुंदराव हसून म्हणायचे, “आमच्याकडे बायका करतात घरी बसून.” त्यात त्यांना कौतुकच करायचं असे. तुंगाबाई ते ऐकायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या. माझं नाव सांगा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. कागदावर नाव छापखान्याचं, चौकटीमागच्या शिक्क्यावर दुकानाचं. मध्ये आणखी एक नाव असू शकतं हे त्यांच्याही मनात फार उशिरा आलं, आणि तोवर दुकान बंद झालं होतं.

शेकड्यांनी केलेल्या तसबिरींतली एकच त्यांच्याकडे उरली होती. सासूच्या मदतीवाचून केलेली पहिली. ज्यानं करायला सांगितली तो न्यायला आलाच नाही. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, दोन बाजूंना दोन हत्ती. तुंगाबाईंनी तिला आईच्या जुन्या इरकली लुगड्याचं नऊवारी नेसवलं होतं. निऱ्या एकेक करून घातलेल्या, काष्ट्याची ओळ दिसेल अशा. नाकात मोत्यांची नथ. हत्तींनाही झुली. “इथल्या लक्ष्मीला कुठे गं नथ?” सासू म्हणाली होती. पण काढ म्हणाली नव्हती.

आता साखरेनं डोळे अधू झाले होते. सुईत दोरा शाल्मली ओवून द्यायची, आणि पुढचा टाका कुठे पडतो ते तुंगाबाईंना दिसत नसे. त्यामुळे दुसरी करू, हे कोणी म्हणण्यात अर्थ नव्हता.

चपला पायातच होत्या. त्या तशाच वळल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. मुकुंदराव छत्री घेऊन मागे.

पिंपळाच्या कट्ट्यावर नागांच्या दगडांना हळद लावलेली होती आणि बुंध्याभोवती लोकांनी आणून टेकवलेले देव होते. वाळवी लागलेला वेंकटरमण, नाक उडालेला मातीचा गणपती, कुठल्याशा बँकेच्या कॅलेंडरावरची पार्वती. कोणाला ठेवून घेता येत नव्हते, कोणाला टाकवत नव्हते. तुंगाबाईंची लक्ष्मी बुंध्याकडे तोंड करून उभी होती.

“शिक्षा केलेल्या शाळेतल्या पोरासारखी तोंड फिरवून उभी केलीत?”

“लोकांचे पाय लागू नयेत म्हणून...” मुकुंदराव म्हणाले आणि थांबले.

गेल्या दोन-तीन दिवसांत पाऊस झाला होता. तड्यातून पाणी आत गेलं होतं. घरी आणल्यावर मुकुंदरावांनी पकड काढली, मागचे बारीक खिळे सफाईनं उपटले, पुठ्ठा सोडवला. हात अजून पक्का होता. मग त्यांनी काच उचलली आणि काचेबरोबर लक्ष्मीचं तोंडही आलं. ओला कागद काचेला चिकटून बसला होता. हात, पाय, हत्तींच्या सोंडा, सगळं लगद्यासारखं निघालं. खाली उरलं ते लुगडं, चोळी, नथ आणि दोन झुली, टाक्यांना धरून, जागच्या जागी.

तुंगाबाईंनी निऱ्यांवरून बोट फिरवलं. दिसत नव्हत्या, पण बोटाला एकेक लागत होती.

“सुकव,” मुकुंदराव म्हणाले. “मी करतो काहीतरी.”

“आता काही करू नका.”

त्यांनी ते ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर ते मेट्रोनं चिकपेटेला गेले. संध्याकाळी आले ते हातात कागदाची नळी आणि पायांना सूज घेऊन. उभी लक्ष्मी आता कोणी छापत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यांच्या ओळखीचा एकच व्यापारी उरला होता, त्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, “घरी बसून काम करायच्या त्या तुमच्या बायका कुठे आहेत, अण्णा?” मुकुंदरावांनी हे घरी सांगितलं. “एकच होती, असं सांगितलं मी त्याला,” ते म्हणाले. तुंगाबाई शेंगा सोलत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. पण त्या रात्री त्यांनी मुकुंदरावांच्या पायांना तेल चोळून दिलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी तुंगाबाई साखर तपासायला दवाखान्यात गेल्या. परत आल्या तेव्हा भिंतीवर तसबीर होती. नवी काच, जुनीच चौकट पॉलिश केलेली. मुकुंदराव खाली स्टुलाजवळ उभे होते. बोटांना पांढरा गोंद लागलेला. विनोदकुमार आणि शाल्मलीही आज घरूनच काम करत होते, तेही बाहेर आले. मुकुंदरावांनी त्यांना हाक मारूनच आणलं होतं.

“बघ,” ते म्हणाले.

तुंगाबाई अगदी जवळ गेल्या, काचेला नाक लागेल एवढ्या. आतली लक्ष्मी बसलेली होती. गुळगुळीत गालांची, कमळात मांडी घालून. तिच्या अंगावर उभ्या लक्ष्मीचं नऊवारी. निऱ्या गुडघ्यापाशी संपत होत्या.

“खालचं कुठे गेलं?”

“तेवढं कापावं लागलं. ती बसलेली आहे ना,” मुकुंदराव म्हणाले. “जपून कापलं. तुझ्याच कात्रीनं.”

पदराची धार देवीच्या वरच्या हातावरून गेली होती, त्या हातातलं कमळ झाकलं होतं. नथ मात्र बरोबर नाकात होती. ती बसवायला त्यांना बराच वेळ लागला असावा.

“छान दिसतंय की, आई,” शाल्मली हळूच म्हणाली.

“कात्री कुठे आहे?” तुंगाबाईंनी विचारलं. मुकुंदरावांनी खिशातून काढून दिली. त्यांनी ती पदरानं पुसली. गोंद वाळला होता, निघाला नाही.

“तुंगा, चुकलं का?”

“तुम्ही मनापासून केलंत,” त्या म्हणाल्या. “ते दिसतंय मला.”

त्या खुर्चीवर बसल्या. आठवडाभरात वरमहालक्ष्मी होती. दरवर्षी त्या दिवशी तुंगाबाई कलशावरच्या देवीला साडी नेसवत. नारळाला चांदीचा मुखवटा, खाली कोरी साडी, पंख्यासारख्या निऱ्या. एकही टाचणी न लावता. गल्लीतल्या बायका, वरच्या मजल्यावरच्या रूपश्री अक्का, त्यांच्या सुना संध्याकाळी फक्त ते बघायला यायच्या, फोटो काढायच्या आणि मुकुंदरावांना सांगायच्या, “अण्णा, तुमच्याकडची लक्ष्मी म्हणजे लक्ष्मी.” टाचण्यांविना साडी उभी करायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. ती अजून शाबूत होती.

“ही तसबीर राहू दे भिंतीवर,” तुंगाबाई म्हणाल्या. “काढू नका. आणि सगळे आहात तर सांगून ठेवते. यंदा नुसता कलश मांडायचा. हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं. साडी नेसवायची नाही. रूपश्री अक्कांना मी सांगेन, त्या दिवशी पुन्हा विषय नको.”